फोरमन आणि दुसरी पाळी

२२ जून १९७८, गुरुवार

सोल्युशन लावायला नको होतं.

पंक्चरचं सोल्युशन, दुसरं कुठलं. काल पिशवी परत निसटली आणि माझं डोकं सणकलं. सायकलच्या डब्यातली ट्यूब काढली, पिशवीच्या रबरी कडेला फासली, पोटाला फासली, फुंकर मारली आणि दिली चिकटवून. घटकाभर वाटलं, आपल्याएवढा हुशार माणूस आकुर्डीत दुसरा नाही. मग आग. आईने खोबरेल ओतून ओतून ती सोडवली. कातडीचा एक पापुद्रा पिशवीबरोबर गेला.

आई म्हणाली, "आरं, पोट हाय का टायर?"

आज हॉस्पिटलात इंदुताई सिस्टरने बघितलं.  मग बाहेर जाऊन आणखी दोन सिस्टरांना घेऊन आली — या गं, आमचे शास्त्रज्ञ बघा. मी लाल. तिघींचं हसून झाल्यावर झिंकचं पांढरं मलम दिलं. "रबराच्या वर्कशॉपात आहेस ना, मग तुझं सोल्युशन तिथेच ठेव. इथे कोमट पाणी आणि साधं फडकं. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. आणि साबणाचा वास छान येतो म्हणून साबण चोळत बसायचा नाही."

एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही. मे महिन्यात एका टेम्पोवाल्याने कट मारला म्हणून मी सायकलवरून त्याच्या मागे लागलो. नाशिक फाट्याला गाठलाही. त्याने ब्रेक मारला. हँडल पोटात. आत फाटलं. डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून ठेवलंय. शौचाची वाट आता तिथून. त्यावर रबरी पिशवी, पिशवीला रिंग, रिंगला कमरेचा पट्टा. खालची जखम भरली की दिवाळीच्या सुमाराला बघू, जोडता येईल बहुधा, असं डॉक्टर म्हणाले. 'बघू' आणि 'बहुधा' ते बोलले. मी फक्त 'दिवाळी' ऐकलं.

तोवर कुणाला कळू द्यायचं नाही. कुणाला म्हणजे कस्तुराला.

२३ जून

पोटावरच्या त्या तोंडाला नाव दिलं. फोरमन. कधी येईल नेम नाही, आला की आवाज, आणि कुणी काही बोलायची सोय नाही. वर्कशॉपातल्या आमच्या खऱ्या फोरमनचं, बबनरावांचं, वर्णन यापेक्षा वेगळं करता येणार नाही.

२८ जून

इंदुताईने सांगितलं होतं — एका वेळी एकच नवा पदार्थ खाऊन बघ, म्हणजे दगा कुणी दिला ते कळेल. मी काल कोबीची भाजी, दोन अंडी आणि हरभऱ्याची उसळ एकदम खाल्ली. किती दिवस नुसता मऊ भात आणि ताक! पिशवी अशी फुगली की सदरा पुढे आला. वास तर विचारू नये. गुन्हेगार कोण ते कळलं नाही, म्हणून तिघांनाही आत टाकलंय. ताकाला मात्र आता नावं ठेवणार नाही. ताक प्यायलो की तो निदान माणसासारखा वागतो.

४ जुलै

कामावर गेलो. बबनरावांकडे कायमची दुसरी पाळी मागितली.

कारण सकाळ. आमच्या चाळीत सकाळी संडासापुढे रांग, हातात डबे. मला वेळ लागतो — पिशवी रिकामी करा, धुवा, पुसा, पुन्हा बांधा — आणि बाहेर लोक दारावर डबे वाजवतात. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चाळ रिकामी. मग राज्य माझं.

बबनराव म्हणाले, "कालेज अर्ध्यात सोडलंस. आता पहिली पाळी सोडतोस. फुडं काय सोडायचा इचार हाय?"

कॉलेज मी सोडलं कारण प्राध्यापकाने भर वर्गात माझ्या मराठीची नक्कल केली आणि मी फळा पुसायचं डस्टर फेकलं. लागलं नाही. पण फेकलं ते फेकलं. हे बबनरावांना ठाऊक आहे, तरी दर महिन्याला एकदा काढतातच.

दुसरी पाळी म्हणजे कस्तुरा नाही. ती पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्या भरते, कायम पहिली पाळी. सकाळी आमची बस एकच असायची. आता तिची बस येते तेव्हा माझी जाते.

कस्तुरा हसते ती आधी खाली बघून. हसून झालं की रागावते, मी का बघितलं म्हणून. एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत, तिने माझ्या हातातलं सरबत अर्धं पिऊन ग्लास परत दिला होता. त्या अर्ध्या ग्लासावर मी अजून जगतोय.

११ जुलै

बसमध्ये गर्दी. फोरमनने मोठ्याने आवाज केला — बेडूक असतो तसा. शेजारचा टोपीवाला बाबा वळून बघायला लागला. माझं सटकलंच. "काय बघताय? माणूस बघितला नाही का कधी?"

बाबा घाबरला बिचारा. "न्हाई ओ दादा, मला वाटलं माजंच पोट वाजलं. सकाळधरनं उपाशी हाय."

सगळी बस हसली. शेवटी मीही हसलो. उतरताना त्यांना माझ्या डब्यातली एक भाकरी दिली. घेईनात. भांडून दिली.

१२ जुलै

कस्तुरा दिसली. रस्त्याच्या त्या बाजूला तिची बस, ह्या बाजूला माझी. तिने बघितलं. मी चपलेकडे बघितलं.

गाढव मी.

२० जुलै, गुरुवार

चार दिवस नुसती गळती. काही केल्या पिशवी बसत नाही. पट्टा आवळला, अजून आवळला, मग पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडून आवळला. श्वास घ्यायची पंचाईत, तरी कडेने झिरपतंच. कातडी लालबुंद झालीय. कामाला दोन खाडे झाले. आई चादरी धुते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

रागाने पिशवी भिंतीवर फेकली. नशीब रिकामी होती, नाहीतर भिंतही आईनेच धुतली असती.

दिवाळी किती लांब आहे.

२४ जुलै, सोमवार

आज आम्ही बनवलेल्या गॅस्केटची एक पेटी परत आली. गॅस्केट म्हणजे दोन लोखंडांच्या मध्ये घालायची रबराची चकती, तेल बाहेर येऊ नये म्हणून. गिऱ्हाइकाची तक्रार — बोल्ट आवळ आवळ आवळले, तरी तेल गळतंय.

बबनरावांनी एक चकती बोटावर फिरवली आणि माझ्या अंगावर टाकली. "ह्ये तू पंच केलंयस का? भोक मोठं पाडलंय. मधी फट ऱ्हायली तर त्याल तिथनंच येणार. बोल्ट आवळून काय उपेग? उलटं रबार वाकडं हुतंय."

मी तिथेच उभा. एक हात पट्ट्यावर.

ऑपरेशन झालं तेव्हा फोरमन सुजून डाळिंबाएवढा होता. आता तो लिंबाएवढा झालाय. आणि मी दोन महिने डाळिंबाचीच रिंग लावून पट्टा आवळतोय! फटीतून सगळं कातडीवर, कातडी लाल, म्हणून आणखी आवळ. दिवसभर गॅस्केटं कापणारा मी, आणि स्वतःच्या पोटावरचं भोक मोठं आहे हे मला दिसलं नाही.

बबनरावांना वाटलं, त्यांचं बोलणं मला लागलं. "बरं बरं, जाऊं दे, च्या घे," म्हणाले. त्यांच्याकडून चहा पहिल्यांदाच मिळाला.

२७ जुलै, गुरुवार

इंदुताईला सांगायला गेलो — मला एक शोध लागलाय. तिने ऐकून घेतलं. "हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सूज उतरेल, दर आठवड्याला माप घे. तू तेव्हा छताकडे बघत होतास." बघत होतो खरा. पंख्याला कोळिष्टक होतं.

तिने कागदाला भोक पाडून माप कसं घ्यायचं ते दाखवलं. कागद फोरमनभोवती ठेवायचा, मध्ये नखाच्या कडेएवढी जागा सोडायची. त्याला आवळायचंही नाही आणि कातडी उघडीही ठेवायची नाही.

कालच पाळी संपल्यावर मी अंदाजाने, चार मापांच्या, पांढऱ्या मऊ रबराच्या चार रिंगा कापून ठेवल्या होत्या. काळं रबर घेतलं नाही, त्याने अंगाला खाज येते. कडा घासून गुळगुळीत केल्या. बबनरावांनी विचारलं, "कुठल्या मशीनचं रं ह्ये?"

"पंपाचं."

"कंच्या पंपाचं?"

"घरच्या."

त्यांनी रिंग उजेडाला धरली, बोट आतून फिरवलं आणि म्हणाले, "हितं कड राहिलीय. टोचंल." स्वतःच घासून दिली. पुढे काही विचारलं नाही.

इंदुताईने कागदाच्या मापाची रिंग निवडली, घातली, पट्टा दोन भोकं सैल केला. गळली नाही. यावेळी तिने त्या दोन सिस्टरांना पुन्हा बोलावलं. शास्त्रज्ञच म्हणाली, पण वेगळ्या आवाजात.

९ ऑगस्ट

नवी विद्या. सकाळी कोमट पाण्याने आतडं धुवायचं, म्हणजे दिवसभर काम नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, इंदुताईने तीन वेळा उभं राहून शिकवलं. नळी हळू, पाणी हळू, जोर मुळीच करायचा नाही, दुखलं की थांबायचं. मला सगळ्यांत अवघड 'हळू'.

मोरीत आईचं लुगडं आडवं बांधलं, पाण्याचा डबा खिळ्याला टांगला. भोंगा होऊन गेलेला, चाळ शांत. आई दाराशी बसून तांदूळ निवडत होती, पहारा म्हणून. छबूबाई शेजारीण आली तर आई तिला म्हणते, "ज्ञाना अभ्यास करतोय." मोरीत!

पण जमलं. संध्याकाळी सहापर्यंत फोरमन रजेवर. कातडी जवळजवळ पूर्वीसारखी. आज कामावर शीळ घातली तर बबनराव म्हणाले, "हितं सिनेमा हाय का?"

२० ऑगस्ट

आईने विहारात ऐकून आलेलं सांगितलं, माझ्याकडे न बघता, पीठ मळत. कस्तुराला दिघीचं स्थळ आलंय. मुलगा डेपोत कायम. स्कूटरसाठी नंबर लावलाय म्हणे.

नंबर! स्कूटर यायला अजून पाच वर्षं आहेत. तोवर काय नंबरावर बसून फिरणार?

जेवलो नाही. फोरमनला बरं वाटलं असेल.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. हिय्या करून चिंचवडला, तिच्या घराकडे गेलो. ती बाजारातून येत होती, हातात पालकाची जुडी. म्हटलं, पाच मिनिटं. स्टेशनच्या बाकावर बसलो. ती टोकाला, मी टोकाला, मध्ये पालक.

"दारू लागली म्हणतात तुला," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"सगळेच. ऑपरेशननंतर माणूस बदलला म्हणे. दुसरी पाळी मागून घेतलीस. कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. पोटासाठी."

"पोट तर पहिल्या पाळीतही भरतं."

मग सांगितलं. सगळं. पालकाकडे बघत सांगितलं. टेम्पो, आतडं, पिशवी, रिंग, सकाळचं पाणी.  मग म्हणाली, "म्हणजे आत्ता पण आहे?"

"कायम असते."

आणि ती दचकून मागे सरकली. मी बघितलं. एवढीशीच सरकली, पण सरकली.

मी उठलो. "दिघीला सांग, नंबर लवकर लागू दे," असं काहीतरी बोललो आणि तरातरा निघालो. मागून हाक आली. थांबलो नाही.

२५ ऑगस्ट

पाळीभर चुकीचा पंच लावून गॅस्केटं कापली. बबनरावांनी शिवी पण दिली नाही. माझी दशा किती वाईट दिसत असेल.

३१ ऑगस्ट, गुरुवार

कस्तुरा घरी आली. एकटी. दारात चप्पल काढून आईला जय भीम केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दचकले मी. दचकायचं पण नाही का माणसाने?"

मी म्हटलं, "दचक की."

"तू किती दिवस दचकला होतास?"

खरं तर महिनाभर. पहिले आठ दिवस तर मी तिकडे बघतच नव्हतो, इंदुताईच सगळं करायची. हे सांगितलं. ती म्हणाली, "आणि मला बाकावर पाच मिनिटं दिलीस."

आई मध्येच, "आगं, त्याला कदी कळतंय का."

"काकू, तुम्ही बोलू नका. तुमचाच मुलगा आहे." आई हसायलाच लागली. दोघींचं झालं एक.

मग तिने विचारायला सुरुवात केली. दुखतं का? नाही. आंघोळ? करतो. वजन उचलता येतं? फार जड नाही. वास? मी म्हटलं, आत्ता येतोय का? ती जवळ आली, चांगली जवळ, आणि हुंगलं. "खोबरेलाचा येतोय. किती चोपडतोस डोक्याला?"

मोरीवरच्या दोरीला धुतलेल्या पिशव्या वाळत होत्या. त्यांच्यावर आईचा परकर झाकायला. तिने परकर उचलला. मी जागचा उठलो तर म्हणाली, "बस खाली. रबर असं झाकून वाळत नाही, कुबट होतं. आमच्याकडे हातमोजे वाऱ्यावर टांगतात, मग पावडर मारतात." परकर घडी करून आईच्या हातात दिला.

गेली तेव्हा दोरीवर पिशव्या उघड्या. छबूबाई येऊन गेली. बघून म्हणाली, "टोप्या का काय?"

१४ सप्टेंबर, गुरुवार

कस्तुराचे वडील, साहेबराव, आले. कस्तुरा बरोबर. साहेबराव गाड्यांच्या कंपनीत भट्टीवर आहेत. बोलतात कमी, बघतात जास्त. चहा झाला. बशी खाली ठेवून म्हणाले, "डाक्टर काय म्हणतो? बंद हुईल ना?"

"दिवाळीला बघू म्हणालेत."

"मग बंद झाल्याव बसू आपण. दिघीवाल्यान्ला थांबवतो तवर."

"आबा, त्यांना थांबवू नका. नाही सांगा," कस्तुरा म्हणाली.

"आन् बंद न्हाई झालं तर?"

"तर नाही झालं."

"मंग तुझं तू बघ."

"बघितलंय."

साहेबरावांनी कप उचलून बशीत ठेवला. मग मला म्हणाले, "तापट हायस म्हनं. मास्तरवर डस्टर फेकलंस."

"लागलं नाही ते."

"नेम बी न्हाई," म्हणाले. आणि हसले की हो! मिशीतल्या मिशीत, पण हसले.

लग्नाला २६ ऑक्टोबर ठरला. गुरुवार आहे, सगळ्या कंपन्या बंद.

१ ऑक्टोबर

कपडे शिवायला टाकायचे. आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्यात. टाचेपासून टोपीपर्यंत पांढरं! फोरमनने त्या दिवशी रजा रद्द केली तर? चारशे माणसं समोर. कस्तुराला म्हटलं. ती म्हणाली, "मग दुसरा जोड पण पांढराच शिवू. बदलून येशील. लोकांना वाटेल श्रीमंत आहेत."

शिंप्याला सांगितलं, पँट कमरेला सैल. तो म्हणाला, लग्नानंतर पोट सुटणारच आहे, आत्तापासून कशाला?

सगळं चांगलं चाललंय, आणि म्हणूनच आत धाकधूक. त्या दिवशी ती आबांना 'तर नाही झालं' म्हणाली. पण बंद होणार असं सगळेच धरून चाललेत. मीच तसं सांगत आलोय. काही महिन्यांची अडचण म्हणून हो म्हणणं वेगळं. जन्मभराची म्हणून पुन्हा विचारलं तर? विचारायची माझी हिंमत नाही.

१८ ऑक्टोबर

आतड्याची एक्स-रे फिल्म काढली. सोमवारी डॉक्टर सांगतील. एकटाच जाणार होतो. कस्तुरा म्हणते, मी अर्धी रजा टाकलीय, तू सांगू नको.

२३ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरून बोट फिरवलं. खालचा भाग आकसून गेलाय, जोडण्याजोगा राहिला नाही. पिशवी कायमची. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. कस्तुरा शेजारच्या खुर्चीवर होती. तिच्याकडे बघवेना.

तिनेच विचारलं, "डॉक्टर, गुरुवारी आमचं लग्न आहे. त्या दिवशी ह्यांना जेवायला काय काय द्यायचं नाही?"

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "बेत काय आहे?" म्हणाले.

ती बोटांवर मोजत एकेक सांगायला लागली.